पेशी जोपासणारी शास्त्रज्ञ : डॉ. कमल रणदिवे

वाचकहो, काही रोगांची नावे आपण घरात मोठ्याने घेत नाही. कर्करोग हा त्यांपैकीच एक. कुणाच्या घरी हा रोग निघाला की शेजारीपाजारी आवाज खाली करून बोलू लागतात. आप्तेष्ट भेटायला येतात ते जणू निरोप द्यायलाच येतात. आणि रोगी ही घरातली बाई असेल तर ती महिनोन्‌महिने गाठ पदराआड लपवते, मुलांच्या परीक्षा होऊ देत, मुलीचे लग्न उरकू दे, मग पाहू, असे मनाशी म्हणत राहते. पुष्कळदा रोगाच्या आधी ही भीतीच घात करते.

भीतीवर खरा उतारा एकच, तो म्हणजे ज्ञान. ज्यांनी आपले सारे आयुष्य या रोगाचे ज्ञान मिळवण्यात घालवले, अशा एका मराठी विदुषीची ओळख आज तुम्हाला करून द्यावयाची आहे. त्यांचे नाव डॉ. कमल रणदिवे. गेल्या काही वर्षांत वृत्तपत्रांत आपण वाचतो की, रोग्याच्या स्वतःच्या रक्तातल्या पेशी बाहेर काढून, त्यांना तयार करून, कर्करोगाशी लढायला परत पाठवतात, आणि हे आपल्या मुंबईत होते. हे झाड आज उभे दिसते; त्याची जमीन नांगरणाऱ्यांत कमलताई होत्या, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक आहे.

बालपण आणि शिक्षण

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ हे फर्ग्युसन कॉलेजात जीवशास्त्र शिकवीत. आई शांताबाई. ज्या काळात मुलीला चार बुके वाचता आली म्हणजे पुष्कळ झाले असे मानीत, त्या काळात या शिक्षकाने आपल्या सर्व मुलांना उत्तम शिक्षण देण्याचा आग्रह धरला. कमलला हुजूरपागेत घातले. १८८४ साली सुरू झालेली ही मुलींची शाळा म्हणजे महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचे एक जुने पीठच होय.

मुलगी हुशार निघाली. वडिलांना वाटे, हिने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टराशीच लग्न करावे. परंतु कमलने दोन्ही गोष्टी केल्या नाहीत! फर्ग्युसनमध्ये तिने वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र हे विषय घेतले आणि विशेष प्रावीण्यासह बी. एस्सी. झाली. मग पुण्याच्याच कृषी महाविद्यालयात तिने एम. एस्सी.साठी संशोधन हाती घेतले. विषय कोणता, तर सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशी आणि त्या पेशींतील गुणसूत्रे. दौलताबादची सीताफळे आपण आवडीने खातो. त्याच कुळातल्या झाडांच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली धरून ही मुलगी तासन्‌तास बसे. १९४३ मध्ये तिला एम. एस्सी. पदवी मिळाली.

मधल्या काळात, १९३९ साली, गणिताचे अभ्यासक जे. टी. रणदिवे यांच्याशी तिचा विवाह झाला. येथे पालकांनी एका गोष्टीची नोंद घ्यावी. एम. एस्सी. लग्नानंतरची आहे, पीएच. डी. लग्नानंतरची आहे, परदेशगमनही लग्नानंतरचेच आहे. पतीने या अभ्यासाला हातभार लावला. लग्न झाले म्हणजे शिक्षण संपले, हा नियम काही विधात्याने लिहिलेला नाही. तो आपणच घातलेला आहे आणि आपणच मोडू शकतो.

परळच्या प्रयोगशाळेत

विवाहानंतर कमलताई मुंबईस आल्या. परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली उघडले होते. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. खानोलकर हे भारतातील विकृतिशास्त्राचे जनक समजले जातात. रोग झाल्यावर शरीरातील पेशींत नेमके काय बिघडते, हे पाहणारे ते शास्त्र. अशा गुरूच्या हाताखाली कमलताईंनी संशोधन सुरू केले आणि १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली.

त्यांचे संशोधन स्तनाच्या कर्करोगावर होते आणि ते उंदरांवर चाले. आता उंदीर कशाला, असे विद्यार्थी विचारतील. उंदरांच्या काही जाती अशा आहेत की त्यांतील बहुसंख्य माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो. काही जाती अशा की क्वचितच एखादीला होतो. दोघींना एकाच तऱ्हेचा पिंजरा, एकच दाणापाणी. मग हा फरक कशामुळे? खानोलकर आणि रणदिवे यांनी अशा चार जातींच्या माद्यांच्या स्तनग्रंथींची तुलना केली. रोग होण्याच्या आधीची, निरोगी दिसणारी ग्रंथी मुळात कशी असते, हे त्यांनी पाहिले. घर पडल्यावर ढिगारा पाहणारे पुष्कळ असतात. घर उभे असताना भिंतीची चीर शोधणारा विरळा.

अमेरिकेत बिटनर या शास्त्रज्ञाने १९३६ मध्ये दाखवले होते की, उंदरांत आईच्या दुधातून काहीतरी पिलांत जाते आणि पुढे रोग उद्भवतो. रोगट जातीची पिले निरोगी जातीच्या दाईला पाजायला दिली तर त्यांच्यात रोग कमी होई. ते काहीतरी म्हणजे एक विषाणू होता. कमलताईंनी हा धागा पुढे नेला. केवळ विषाणू असून भागत नाही. आनुवंशिकता, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू यांची गाठ पडते तेव्हा रोग उमटतो, हे त्यांच्या कामातून स्पष्ट होत गेले. (मातांनी येथे गैरसमज करून घेऊ नये. ही गोष्ट उंदरांची आहे. माणसात आईचे दूध बाळाला हितकारकच असते, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला स्तनाच्या कर्करोगाचा धोका थोडा कमीच असतो.)

काचेतले विरजण

पीएच. डी. झाल्यावर खानोलकरांनी शिष्येला परदेशी जाण्यास प्रोत्साहन दिले. पाठ्यवृत्ती मिळवून कमलताई अमेरिकेतील बाल्टिमोर येथे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाल्या. हे गाय म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याच्या विद्येतले जगप्रसिद्ध नाव. १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतील पेशी त्यांच्याच प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वाढू लागल्या. ती स्त्री त्याच वर्षी वारली. तिच्या पेशींची वंशावळ मात्र जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढत आहे. त्या पेशी घेताना तिची परवानगी मात्र कुणी विचारली नव्हती, आणि विज्ञानाला याची जाणीव होण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

या विद्येला ऊतिसंवर्धन म्हणतात. नाव जड आहे, पण गृहिणींना ती चटकन समजेल. दही लावताना आपण काय करतो? दूध कोमट हवे, फार गरम नको, फार थंड नको. भांडे स्वच्छ हवे. विरजण चांगले हवे. एखादी चूक झाली की सकाळी दही नासलेले. पेशींचेही तसेच, किंबहुना त्याहून शंभरपट नाजूक. शरीराइतकी, म्हणजे ३७ अंश सेल्सियसची ऊब हवी. क्षार, साखर, प्रथिने यांचे बेताचे अन्न हवे. हवेतला एखादा बुरशीचा कण जरी आत पडला तरी आठवड्यांची मेहनत वाया जाते.

हे कसब शिकून कमलताई स्वदेशी परतल्या. १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले होते. तेथे त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. हवी ती वस्तू दुकानातून मागवता येईल असा तो काळ नव्हता. हाताखालची मुले-मुली तयार करणे, त्यांच्या अंगी स्वच्छतेची शिस्त बाणवणे, हे सारे त्यांना मुळापासून करावे लागले. त्यांच्या पुढाकाराने या संस्थेत कर्कजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिकारशास्त्र यांचे स्वतंत्र विभाग उभे राहिले. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या संचालकपदी होत्या.

सुपारी आणि तंबाखू

वाचकहो, आपल्या दारापर्यंत येऊन पोचणारे असे त्यांचे एक काम आहे. पान, सुपारी, तंबाखू ही आपल्याकडे पाहुणचाराची वस्तू. तंबाखू वाईट हे बहुतेकांना मान्य असते, पण सुपारीला कुणी दोष देत नाही. जेवणानंतर आजोबा खातात, लग्नात सगळेच खातात. कमलताई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुपारी व तंबाखू यांचे अर्क काढून प्राण्यांवर तपासले. हॅमस्टर नावाच्या उंदरासारख्या प्राण्याला गालात पिशवी असते. माणसाने गालात सुपारी धरून ठेवावी तसा प्रयोग तिथे करता येतो. १९७६ साली त्यांचे हे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तंबाखूबरोबर सुपारीही संशयित ठरली. पुढे जगभर पुरावा साठत गेला आणि २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, तंबाखू नसलेली नुसती सुपारीसुद्धा माणसात कर्करोग घडवते, असे जाहीर केले.

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी शाळेच्या वाटेवर रंगीत पुड्यांची रिकामी पाकिटे पडलेली दिसतातच. मुलगा गोड सुपारीच खातो, त्यात काय बिघडले, असे समाधान करून घेणाऱ्या पालकांनी परळच्या त्या प्रयोगशाळेची आठवण ठेवावी.

रखवालदार पेशी

कर्करोगाबरोबरच कमलताईंनी कुष्ठरोगाकडेही लक्ष दिले. कुष्ठरोगाचा जंतू फार चिवट. आजतागायत तो कृत्रिम अन्नावर वाढवता आलेला नाही. त्याची आणखी एक खोड अशी की, शरीराच्या ज्या पेशी जंतूंना गिळून मारण्यासाठी असतात, त्यांच्याच पोटात तो बिऱ्हाड करतो. चोराने पोलीस चौकीतच खोली घ्यावी तसे हे!

या पेशींची ओळख जगाला रशियन शास्त्रज्ञ एली मेचनिकॉफ यांनी करून दिली. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात एक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी पाहतात तो फिरत्या पेशींनी काट्याला वेढा घातलेला. शरीरात रखवालदार असतात, ते गस्त घालतात, परका दिसला की गिळतात, हे त्यांनी ओळखले. त्यांना आणि जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिख यांना १९०८ सालचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. एर्लिख यांचे स्वप्न निराळे होते. निरोगी भागाला धक्का न लावता नेमके रोगावरच जाऊन आदळेल असे औषध त्यांना हवे होते. एकाने रखवालदार दाखवला, दुसऱ्याने नेमक्या औषधाची कल्पना दिली. या दोन कल्पना शंभर वर्षांनी एकत्र येणार होत्या.

१९५८ साली बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी कुष्ठरोग्याच्या गाठीतून, जिवंत पेशींच्या संवर्धनाचा आधार घेऊन, एक जंतू वेगळा केला. संस्थेच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तो आयसीआरसी जंतू म्हणून ओळखला जातो. तो कुष्ठरोगाच्या जंतूचा सख्खा नव्हे पण नात्यातला ठरला. मात्र रखवालदार पेशींना कुष्ठरोगाची ओळख पटवून देण्याचा गुण त्याच्यात होता. त्यापासून पुढे संस्थेतील शास्त्रज्ञांनी लस तयार केली. दक्षिण भारतात हजारो लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. त्यात या लसीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिल्याचे आढळले. आपल्याच शरीराच्या पेशींना धडा शिकवून रोगाशी लढवायचे, हे सूत्र या साऱ्या कामात आहे. हेच सूत्र पुढे कर्करोगातही फळाला आले.

पाठीवरची शिदोरी

आता थोडे आजच्या काळात येऊ. कर्करोगावरील औषधे बहुतेक विषारी असतात. शिरेतून दिलेले औषध सर्व अंगभर फिरते. गाठीला थोडे पोचते. केस, आतडी, रक्त यांना बाकीचे झोडपते. त्यातून गाठीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नीट नसतात, म्हणून जिथे औषध हवे तिथेच ते पोचत नाही. भरल्या बाजारात पत्ता नसलेले पत्र वाटावे तशी ही स्थिती. मग पत्र पोचवणारा पोस्टमन कोण? उत्तर आपल्या रक्तातच होते. रखवालदार पेशी रक्तवाहिनीची भिंत ओलांडून गाठीच्या आत शिरू शकतात. तर मग औषध त्यांच्याच हाती का देऊ नये?

मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत शिकलेले आणि पुढे अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झालेले डॉ. समीर मित्रगोत्री यांनी या दिशेने मोठे काम केले आहे. अडचण अशी की, भक्षक पेशीला औषधाचा कण दिला तर ती तो गिळून पचवून टाकते. मित्रगोत्री यांच्या लक्षात आले की पेशी काय गिळते हे कणाच्या आकारावरही अवलंबून असते. गोल कण चटकन गिळला जातो, चपटी चकती मात्र तिला गिळता येत नाही. म्हणून त्यांच्या गटाने औषधाच्या सूक्ष्म चकत्या करून त्या पेशीच्या पाठीला चिकटवल्या. प्रवासाला निघालेल्या माणसाच्या पाठीवर शिदोरी असावी तशी ही औषधाची शिदोरी घेऊन पेशी जाते.

या शिदोरीचा दुसराही उपयोग आहे. कर्करोगाची गाठ फार धूर्त असते. आत आलेल्या रखवालदाराला ती फितवते; मारायला आलेला तो उलट तिचीच चाकरी करू लागतो. पाठीवरच्या चकतीतून हळूहळू झिरपणारे द्रव्य त्या पेशीला फितूर होऊ देत नाही, लढाऊ ठेवते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात स्तनाचा कर्करोग असलेल्या उंदरांना अशा पेशी दिल्या, तेव्हा गाठींची वाढ मंदावली आणि उंदीर अधिक काळ जगले. पाहा, पुन्हा उंदीर आणि पुन्हा स्तनाचा कर्करोग! परळच्या प्रयोगशाळेत जो प्रश्न विचारला गेला त्याचाच माग पुढची पिढी काढते आहे. शिदोरीवाल्या पेशी अजून रुग्णालयात पोचलेल्या नाहीत, ही गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली पाहिजे. कुणी भोंदू त्यांच्या नावाने पैसे मागू लागला तर सावध राहावे.

परंतु त्यांची एक बहीण रुग्णालयात पोचली आहे. तिचे नाव कार-टी उपचार. यात रोग्याच्या रक्तातून टी-पेशी नावाचे शिपाई वेगळे काढतात. निर्विष केलेल्या विषाणूच्या साहाय्याने त्यांच्यात एक नवे जनुक घालतात. त्यामुळे पेशीच्या अंगावर असा एक हात उगवतो की जो विशिष्ट कर्कपेशीच नेमकी पकडतो. मग त्या पेशी शरीराबाहेर जोपासून, लाखोंच्या संख्येने वाढवून, रोग्याला परत देतात. शरीराबाहेर जोपासून! वाचकहो, काचेतले ते विरजण आठवा.

आय. आय. टी. मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून हा उपचार भारतात घडवला. ४ जून २०२१ रोजी नवी मुंबईतील खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात पहिल्या रुग्णाला तो देण्यात आला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. हे ॲक्ट्रेक म्हणजे दुसरे काही नसून, कमलताई ज्या संस्थेत वाढल्या आणि जी त्यांनी वाढवली, तिचाच आजचा विस्तार होय. परळचे रोप खारघरला जाऊन वटवृक्ष झाले.

या उपचाराच्या मर्यादाही सांगायला हव्यात. तो रक्ताच्या आणि लसीकाग्रंथींच्या काही ठराविक कर्करोगांसाठी आहे, आणि इतर उपचार थकल्यावरच दिला जातो. परदेशाच्या मानाने तो सुमारे दहाव्या हिश्श्यात होतो हे खरे, तरीही खर्च लाखांत जातो. आपल्या चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत औषधांचे कारखाने आहेत. तिथे एकाच वेळी लाखो गोळ्या तयार होतात आणि कुणालाही चालतात. जिवंत पेशींचे औषध तसे घाऊक होत नाही. एका रोग्याच्या पेशी त्यालाच. म्हणून ते महाग. ते स्वस्त करण्याचे काम अजून बाकी आहे, आणि ते आज शाळेत बसलेल्या मुलामुलींसाठीच बाकी आहे.

प्रयोगशाळेबाहेर

कमलताईंना मानसन्मान पुष्कळ मिळाले. १९६४ साली भारतीय वैद्यक परिषदेचा रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कार त्यांना प्रथमच देण्यात आला. त्याच वर्षी वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक मिळाले. १९८२ मध्ये भारत सरकारने पद्मभूषण देऊन गौरवले. त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत.

पण केवळ निबंधांवरून त्यांची थोरवी मोजू नये. आपल्याला वाट मिळाली म्हणजे झाले, असे त्यांना वाटले नाही. घर, मूल आणि प्रयोगशाळा या तिन्हींचा मेळ घालताना स्त्रीची किती ओढाताण होते, हे त्या जाणून होत्या. १९७३ मध्ये त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापन केला. या संघाने वाशी येथे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह आणि लहान मुलांसाठी पाळणाघर चालवले. स्त्रीने विज्ञानात यावे असे नुसते व्याख्यान देणे सोपे; तिचे मूल दुपारी कोण सांभाळणार याची सोय करणे अवघड. कमलताईंनी अवघड ते केले.

निवृत्तीनंतर तर त्यांनी थेट डोंगराची वाट धरली. तत्कालीन अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात त्यांनी आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास केला. राजूर आणि आसपासच्या गावांतील बायकांना त्या आरोग्याचे सल्ले देत. सारी हयात सूक्ष्मदर्शकातून पेशी पाहिलेल्या या बाई वयाच्या सत्तरीत मुलांच्या ताटात काय पडते ते पाहू लागल्या. पेशीचे पोषण आणि मुलाचे पोषण यांत त्यांना अंतर वाटले नाही.

११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे २०२१ साली, त्यांच्या १०४व्या जयंतीला, गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकवले. त्या दिवशी अनेक मराठी घरांत हे नाव प्रथमच ऐकले गेले.

आपल्यासाठी बोध

पालकहो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट, मुलीला शिकू द्यावे, आणि तिने निवडलेला विषय तिला शिकू द्यावा. समर्थ गुरुजींची इच्छा डॉक्टर मुलीची होती. मुलीने वेगळी वाट घेतली आणि त्यांनी ती अडवली नाही. त्या एका संयमामुळे देशाला केवढी शास्त्रज्ञ लाभली!

दुसरी गोष्ट आरोग्याची. स्तनात गाठ, त्वचेला खळी पडणे, स्तनाग्रातून रक्त येणे, तोंडात तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा पांढरा-लाल चट्टा, तोंड उघडायला त्रास होणे, अशी कोणतीही खूण दिसली तर लाजू नये, लपवू नये, वाट पाहू नये. आपल्या छत्रपती संभाजीनगरात शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. दुखत नाही म्हणून काही नाही, असे समजू नये. सुरुवातीची गाठ बहुधा दुखतच नाही. वेळेवर सापडलेला स्तनाचा किंवा तोंडाचा कर्करोग पुष्कळदा साध्या, जुन्या उपचारांनीच बरा होतो. लाखांच्या उपचारांची पाळी येऊ न देणे हे बरेचसे आपल्या हाती असते. घरातील पुरुषांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. बाईला तपासणीला न्यायला रिक्षाचे भाडे आणि अर्धा दिवस लागतो. तेवढा काढला पाहिजे.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुमच्यासाठी एवढेच. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याची साल ठेवून तुम्ही चौकोनी चौकोनी पेशी पाहता, आकृती काढता, दहापैकी गुण मिळवता आणि विसरून जाता. पुढच्या वेळी ती साल थोडी अधिक वेळ पाहा. सीताफळाच्या पेशी पाहता पाहता एक मुलगी कर्करोगापर्यंत पोचली. पेशींना औषधाची शिदोरी बांधून गाठीच्या गाभ्यापर्यंत पाठवण्याचे काम अजून अर्धेच झाले आहे. उरलेले अर्धे करणारा हात चिकलठाण्याच्या एखाद्या वर्गात आज वही उघडून बसला असेल. त्याला किंवा तिला शाळेतून काढू नका, एवढी विनंती त्यांच्या वडीलधाऱ्यांना करून हा लेख पुरा करतो.